ओळीमागून ओळ : स्कॉटलंडमधील गेलिक प्रेस्बिटेरियन मंडळीची उपासना आणि भाषा

१

‘प्रेस्बिटेरियन’ हे विशेषण ज्या ग्रीक शब्दापासून निघाले आहे, त्याचा मूळ अर्थ ‘वयाने वडील’ असा आहे. मराठी बायबलात त्या शब्दासाठी ‘वडील’ हीच संज्ञा योजिली आहे, आणि उपासकांच्या समुदायास ‘मंडळी’ म्हटले आहे. त्यामुळे ह्या पंथाच्या नावातील आशय मराठी वाचकास इंग्रजी वाचकापेक्षाही लवकर उमगावा. बिशपची सत्ता नाही आणि केवळ जमावाचीही नाही. मंडळीने मान्य केलेल्या वडिलांच्या सभेची सत्ता, असे ह्या व्यवस्थेचे थोडक्यात वर्णन करता येईल. प्रत्येक मंडळीत पाळक आणि वडील मिळून ‘सेशन’ बनते. सेशनांच्या वर प्रेस्बिटेरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांवर जनरल असेंब्ली, अशी ही उतरंड आहे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १५६० साली पोपची सत्ता झुगारली. जॉन नॉक्स आणि त्याच्या मागून आलेला अँड्र्यू मेल्व्हिल ह्यांच्या काळात ह्या व्यवस्थेचा आराखडा तयार झाला. आणि दीर्घ संघर्षानंतर १६९० मध्ये ती राष्ट्रीय चर्चची व्यवस्था म्हणून कायम झाली.

ह्या पंथाचा घटनात्मक इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु सामान्य मंडळीचे जीवन कसे होते, ती काय गात असे, कोणत्या भाषेत प्रार्थना करीत असे, हा प्रश्न घटनेच्या इतिहासातून सुटत नाही. त्या दृष्टीने स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ प्रदेश, म्हणजे हायलँड्स, आणि त्यापलीकडची बेटे ह्यांचा विचार विशेष उद्बोधक ठरतो. तेथील जनतेची भाषा इंग्रजी नसून गेलिक होती. आणि ज्या पंथाने मानवी कल्पनेतून निघालेली प्रत्येक गोष्ट उपासनेतून वगळण्याचा निर्धार केला, त्याच पंथाच्या छायेत तेथे एक अत्यंत अलंकृत, सर्वस्वी मौखिक गायनपरंपरा वाढीस लागली. हा विरोध कसा निर्माण झाला आणि आज त्याची परिणती काय होत आहे, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रेस्बिटेरियन उपासनेचे नियामक तत्त्व एका वाक्यात सांगता येते : शास्त्रात ज्याची आज्ञा आहे तेवढेच उपासनेत असावे, जे सांगितलेले नाही ते निषिद्ध समजावे. ह्या तत्त्वानुसार मूर्ती, मेणबत्त्या आणि वाद्ये गेली. नाताळ व ईस्टर हे सणही गेले. मानवरचित गीते गेली आणि गाण्यासाठी केवळ बायबलातील दीडशे स्तोत्रे उरली. ती सर्वांना गाता यावीत म्हणून त्यांची छंदोबद्ध रूपांतरे करण्यात आली. १६५० मध्ये जनरल असेंब्लीने मान्य केलेली इंग्रजी स्तोत्रसंहिता ही त्यांपैकी सर्वांत चिरस्थायी ठरली. तिच्यातील बहुसंख्य रचना ८, ६, ८, ६ अक्षरांच्या चार ओळींच्या ‘सामान्य वृत्ता’त असल्यामुळे थोड्याशा चालींवर सारी संहिता गाता येई.

उपासनामंदिराची रचनाही ह्याच तत्त्वाला अनुसरून होती. वेदीच्या जागी मध्यभागी उंच व्यासपीठ, त्याखाली अग्रगायकाचे आसन आणि समोर साधी बाके. मंडळी प्रार्थनेसाठी उभी राही आणि गाताना बसून राही. प्रवचन दीर्घ असे, आणि प्रार्थना ठरावीक मजकुराची नसून पाळकाच्या मुखातून उत्स्फूर्तपणे निघालेली असे. बालपणापासून पाठ केलेली १०७ प्रश्नांची लघु प्रश्नोत्तरावली हा ह्या जीवनाचा बौद्धिक पाया होता. मनुष्यजीवनाचे मुख्य प्रयोजन कोणते, ह्या प्रश्नाने ती सुरू होते. ज्या मुलाला अन्य कोणतेही पुस्तक मिळाले नाही त्यालाही निदान हा प्रश्न ठाऊक असे.

घर हेही उपासनेचेच स्थान होते. सकाळी व रात्री कुटुंबप्रमुख बायबल हाती घेई. एक स्तोत्र गाइले जाई, एक अध्याय वाचला जाई आणि मग सारे गुडघे टेकून प्रार्थना करीत. गेलिकमध्ये ह्या विधीला ‘पुस्तक घेणे’ असेच म्हणतात. शब्बाथाची, म्हणजे रविवारची, तयारी शनिवारीच होई : पाणी भरून ठेवावयाचे, चुलीसाठी पीट आत आणावयाचे, बटाटे सोलून ठेवावयाचे. रविवारी मासेमारीची होडी समुद्रात लोटली जात नसे.

३

गेलिक भाषेचा आणि सुधारित धर्माचा संबंध फार जुना आहे. गेलिकमध्ये छापले गेलेले पहिले पुस्तक म्हणजे जॉन कार्सवेल ह्याने १५६७ मध्ये केलेला नॉक्सप्रणीत उपासनाविधीचा अनुवाद. त्याची भाषा आयर्लंड आणि स्कॉटलंड ह्या दोन्ही देशांतील विद्वान कवींना समान असलेली अभिजात गेलिक होती; बोलीभाषा नव्हे. आर्गाइलच्या सिनडने १६५९ मध्ये पहिल्या पन्नास स्तोत्रांचे छंदोबद्ध रूपांतर प्रसिद्ध केले, आणि शतक संपण्यापूर्वी संपूर्ण स्तोत्रसंहिता गेलिकमध्ये उपलब्ध झाली. मात्र स्कॉटिश गेलिकमधील नवा करार निघण्यास १७६७ साल उजाडावे लागले, आणि जुना करार १८०१ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे शतकाहूनही अधिक काळ हायलँड्सच्या मंडळीजवळ स्वभाषेतील स्तोत्रे होती, परंतु स्वभाषेतील बायबल नव्हते. इंग्रजी प्रतीवरून पाळक वाचतावाचताच गेलिक भाषांतर करीत असे. स्तोत्रांना तेथे जे असाधारण स्थान प्राप्त झाले, त्याचे एक कारण येथे आहे.

स्तोत्रांचे वृत्त मात्र परके होते. सामान्य वृत्ताची चाल लघु-गुरू, म्हणजे आघातहीन अक्षरानंतर साघात अक्षर, अशी असते. गेलिकमध्ये आघात सामान्यतः शब्दाच्या आद्याक्षरावर पडतो. त्यामुळे आघाती शब्दाने ओळ सुरू करणे ही जेथे भाषेची सहज प्रवृत्ती, तेथे वृत्त नेमके त्याच्या उलट मागणी करते. वाचताना ह्या रचना कित्येकदा अडखळतात. गाताना मात्र त्या अडखळत नाहीत. आणि ह्याचे कारण वृत्तात नसून गाण्याच्या पद्धतीत आहे.

ह्या पद्धतीत अग्रगायक स्तोत्राची चाल उचलतो. आरंभी मंडळी त्याच्यासोबत गाते. त्यानंतर तो प्रत्येक ओळ जलद, जवळजवळ एकाच स्वरात म्हणून देतो आणि मंडळी तीच ओळ अतिशय संथपणे गाते. ओळ देण्याच्या ह्या कृतीला गेलिकमध्ये ‘ओळ बाहेर घालणे’ असा शब्दप्रयोग आहे. मंडळीच्या गाण्यात प्रत्येक अक्षर अनेक स्वरांवर पसरते. मूळ चालीचे स्वर सर्वांना समान असतात. परंतु एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग ज्याचा त्याचा असतो. कोणी लवकर पोहोचतो, कोणी रेंगाळतो, कोणी मध्ये तीन लहान स्वर घेतो. एकसुरी गायन म्हणावे तर ते तसे नाही; पाश्चात्त्य पद्धतीचा स्वरमेळही ते नव्हे. दिंडीत वीणेकऱ्याने अभंग धरावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, ह्याच्याशी त्याचे बाह्य साम्य आहे; परंतु दिंडीत टाळ-मृदंगाची लय सर्वांना बांधून ठेवते, येथे तशी लयच नाही. श्वास हेच तेथील माप आहे. अक्षरे इतकी ताणली गेल्यावर आघाताचे वृत्ताशी असलेले भांडण आपोआप मिटते, हे उघड आहे. परके वृत्त गेलिकने पुस्तकात सुधारले नाही, ते कंठात पचविले.

ओळ देण्याची ही प्रथा मूळची गेलिक नाही, किंबहुना मूळची स्कॉटिशही नाही. वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने १६४५ च्या सुमारास जी उपासनेची मार्गदर्शिका सिद्ध केली, तिच्यात मंडळीतील अनेकांना वाचता येत नाही अशा ठिकाणी तूर्त ओळीओळीने स्तोत्र वाचून दाखवावे, अशी सवलत होती. ती इंग्लंडमधील परिस्थितीस उद्देशून होती आणि स्कॉटिश प्रतिनिधींना ती फारशी रुचली नव्हती. परंतु तात्पुरती म्हणून आलेली ही सोय स्कॉटलंडमध्ये इतकी रुजली, की पुढच्या शतकात सुधारकांनी ती काढून टाकू पाहताच तिला वडिलोपार्जित ठेवा मानून लोकांनी विरोध केला. दक्षिणेकडील इंग्रजीभाषी मंडळ्यांतून साक्षरता, गायनवृंद आणि अखेर ऑर्गन ह्यांच्या योगाने ती हळूहळू लुप्त झाली. गेलिक मंडळीत मात्र ती टिकली. आणि साक्षरता आल्यानंतरही टिकली. १८११ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक शाळांच्या संस्थेने आबालवृद्धांना बायबल वाचावयास शिकविले. पुढे हातात पुस्तक असूनही मंडळी ओळीची वाट पाहत राहिली. प्रथेचे मूळ कारण नाहीसे झाले तरी प्रथा नाहीशी झाली नाही, कारण मधल्या काळात तिला दुसरे कारण लाभले होते : ती लोकांच्या भाषेची आणि लोकांच्या एकत्रपणाची खूण बनली होती. जोसेफ मेन्झर ह्या जर्मन संगीतज्ञाने १८४४ मध्ये रॉस-शरमधील ह्या चाली प्रथम स्वरलिपीत उतरविल्या, तेव्हा परिचित चालींवर चढलेले अलंकार इतके दाट होते, की मूळ चाल ओळखणे अवघड व्हावे.

४

ह्या मंडळीच्या वर्षाचा उत्कर्षबिंदू म्हणजे प्रभुभोजनाचा सोहळा. तो पाच दिवस चाले. गुरुवार उपवासाचा आणि नम्रतेचा, शुक्रवार ‘प्रश्नाचा दिवस’, शनिवार तयारीचा, रविवार प्रत्यक्ष प्रभुभोजनाचा आणि सोमवार आभारप्रदर्शनाचा. आसपासच्या परगण्यांतून लोक मैलोगणती चालत येत, आणि गावकरी त्यांना आपापल्या घरी उतरवून घेत. मंदिर अपुरे पडे म्हणून उघड्यावर, टेकडीच्या कुशीत किंवा ओढ्याकाठी सभा भरत. फेरिन्टॉश येथील पाळक जॉन मॅक्डोनल्ड (१७७९–१८४९), ज्याला ‘उत्तरेचा प्रेषित’ म्हणत, त्याच्या अशा सभांना हजारोंचा समुदाय जमत असे.

त्यांतही शुक्रवारची सभा विशेष लक्षणीय होय. त्या दिवशी पाळक प्रवचन करीत नसे. समुदायातील कोणी अनुभवी गृहस्थ उठून बायबलातील एक वचन सांगे आणि त्या वचनाच्या आधारे खऱ्या श्रद्धेची आणि ढोंगाची लक्षणे कोणती, असा प्रश्न टाकी. मग पाळक एकेकास नावाने पुकारी, आणि तो आपल्या अंतःकरणातील अनुभवातून उत्तर देई. बोलणारे बहुधा शेतकरी, कोळी, विणकर असत. त्यांना ‘माणसे’ एवढ्याच नावाने ओळखीत. त्यांच्यापुढे विद्यापीठातून आलेला पाळकही जपून बोले. जमीन नाही, मताधिकार नाही, राज्यकर्त्यांची भाषा येत नाही, अशा लोकांना सार्वजनिक रीतीने विचार मांडण्याचे हे एक स्थान होते. मात्र ते पुरुषांचेच होते. स्त्रिया गात, ऐकत, घरोघरी धर्मशिक्षण देत. पण सेशनमध्ये त्यांना स्थान नव्हते.

रविवारी लांब मेजांवर पांढरे शुभ्र कापड अंथरीत. सेशनने पारखून पात्र ठरविलेल्यांना शिशाची मुद्रा मिळे. ती देऊन मेजाशी बसावयाचे. त्यापूर्वी पाळक ‘मेजाला कुंपण घाली’, म्हणजे कोणी येऊ नये आणि कोणी यावे हे शास्त्राधारे सांगे. अयोग्य रीतीने हे भोजन करणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, ह्या पौलाच्या इशाऱ्याचा हायलँड्समध्ये इतका खोल परिणाम झाला होता, की हजारोंच्या समुदायातून मेजाशी येणारे मोजकेच असत. बाकीचे आयुष्यभर ‘ऐकणारे’ राहत. ते नित्यनेमाने उपासनेस येत, घरी पुस्तक घेत, आचारात कोठे चुकत नसत. तरीही आपण पात्र आहोत असे म्हणण्याचे धैर्य त्यांना होत नसे. ह्या संकोचाला केवळ भीती म्हणणे अपुरे होईल, आणि केवळ नम्रता म्हणणेही. ज्या धर्माने देव आणि मनुष्य ह्यांतील सर्व मध्यस्थ दूर केले, त्या धर्मातच मनुष्य मेजापासून दूर उभा राहिला, ह्या घटनेतील वेदना इतिहासकाराने दृष्टीआड करू नये.

५

ह्या मंडळीची खरी कसोटी १८४३ मध्ये लागली. १७१२ च्या कायद्याने पाळक नेमण्याचा हक्क बहुधा जमीनदारांकडे आला होता. हायलँड्समध्ये ह्या हक्काला वेगळीच धार होती. कारण तेथील जमीनदार त्याच काळात मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना पिढीजात जमिनीवरून हुसकावून लावीत होते, आणि जमीनदाराने नेमलेला पाळक अनेक ठिकाणी त्याविरुद्ध मौन पाळून होता. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथील जनरल असेंब्लीतून निषेधपत्र वाचून एक मोठा गट बाहेर पडला, आणि टॉमस चामर्स ह्याच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्चची स्थापना झाली. सुमारे बाराशे पाळकांपैकी ४७४ जणांनी आपल्या जागा, घरे आणि वेतन ह्यांचा त्याग केला. हायलँड्समध्ये तर लोकच मोठ्या प्रमाणावर बाहेर पडले.

अनेक जमीनदारांनी नव्या चर्चला इमारतीसाठी जागा देण्याचे नाकारले. स्ट्रॉन्शनच्या मंडळीने तेव्हा वर्गणी काढून लोखंडी तराफ्यावर एक मंदिर बांधून घेतले आणि १८४६ मध्ये ते लॉख सूनार्ट ह्या खाडीत नांगरले. जमीन जमीनदाराची असली तरी पाणी त्याचे नव्हते. श्रोते जितके अधिक तितके ते मंदिर पाण्यात अधिक बुडे, आणि प्रवचनकाराची लोकप्रियता इंचांत मोजता येई, असे गमतीने सांगत.

ह्या घटनेचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. स्कॉटिश धर्मप्रसारकांचे कार्य कोकणात १८२३ मध्ये सुरू झाले होते, आणि जॉन विल्सन १८२९ पासून मुंबईत होता. १८४३ मध्ये भारतातील स्कॉटिश चर्चचे सर्व धर्मप्रसारक फ्री चर्चमध्ये गेले. मुंबईतही विल्सन व त्याच्या सहकाऱ्यांना जुन्या चर्चची इमारत सोडून शाळा नव्याने उभारावी लागली. आजचे विल्सन महाविद्यालय आणि स्टीफन हिस्लॉप ह्याच्या नावाने नागपुरात असलेले महाविद्यालय ही ह्याच परंपरेची फळे होत. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस मराठी भाषेच्या घटकांविषयीचे टिपण जोडणारा विल्सन तो हाच. बायबल लोकभाषेत असले पाहिजे, ह्या आग्रहामुळे धर्मप्रसारक व्याकरण आणि कोश ह्यांकडे वळले, ही गोष्ट हायलँड्स आणि महाराष्ट्र ह्या दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते. स्कॉटिश परंपरेतील मराठी मंडळ्या पुढे १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. तेथे ‘वडील’ ही संज्ञा राहिली. परंतु केवळ छंदोबद्ध स्तोत्रेच गाण्याचा निर्बंध मराठीत रुजला नाही. मराठी ख्रिस्ती भक्ती अभंग, भजन आणि कीर्तन ह्यांच्या वाटेने गेली.

६

स्कॉटलंडमधील पुढील इतिहास पुनर्मीलनाचा आणि फुटीचा आहे. १८९३ मध्ये फ्री प्रेस्बिटेरियन चर्च वेगळे झाले. १९०० मध्ये फ्री चर्चचे बहुमत दुसऱ्या एका चर्चशी एकरूप झाले, तेव्हा मुख्यतः हायलँड्समधील तीसहूनही कमी पाळकांनी जुने नाव आणि जुनी उपासना राखली. १९०४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने मालमत्तेचा निर्णय ह्या अल्पसंख्य गटाच्या बाजूने दिल्यामुळे पुढल्या वर्षी पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली.

ह्या साऱ्या काळात गेलिक भाषेची स्थिती मात्र खालावत गेली. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकची कोणतीही तरतूद नव्हती. शाळा, न्यायालय, बाजार इंग्रजीत. एकटे मंदिर गेलिकमध्ये. त्यामुळे गेलिकची प्रौढ, औपचारिक शैली प्रामुख्याने बायबल, प्रवचन आणि प्रार्थना ह्यांवर पोसली गेली. निरनिराळ्या बेटांच्या बोली बोलणाऱ्यांना एकत्र आणणारी प्रमाणभाषा त्यांनी व्याकरणातून नव्हे, तर व्यासपीठावरून आत्मसात केली. ह्याच मंडळीच्या धाकामुळे सारंगी, नाच आणि लौकिक गाणी कित्येक ठिकाणी मागे पडली, हीही दुसरी बाजू नोंदविली पाहिजे. तिने भाषेचा एक प्रांत उजळला आणि दुसरा अंधारात लोटला.

१८९१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये अडीच लाखांहून अधिक गेलिकभाषी होते. २०११ मध्ये ते सुमारे ५७ हजार उरले. २०२२ च्या जनगणनेत देशभरातील आकडा सुमारे ७० हजारांवर गेला, तो मुख्यतः शाळांतून भाषा शिकलेल्यांमुळे. परंतु पश्चिमेकडील बेटांवर, म्हणजे ह्या उपासनेच्या माहेरघरी, गेलिक बोलणारे प्रथमच निम्म्याहून कमी झाले. लुइस बेटावर २००२ मध्ये रविवारची विमाने आणि २००९ मध्ये रविवारची बोट सुरू झाली. फ्री चर्चने २०१० मध्ये स्तोत्रांखेरीज अन्य गीते आणि वाद्ये ह्यांस मुभा दिली. कित्येक मंडळ्यांतून गेलिक उपासना महिन्यातून एखाददुसऱ्या वेळेवर आली आहे.

येथे एक भेद स्पष्ट होतो. सिद्धान्त भाषांतरित होऊ शकतो. वडिलांची सभा, लघु प्रश्नोत्तरावली, प्रभुभोजनाचे मेज ही सर्व इंग्रजीत निर्वेधपणे चालू आहेत. स्तोत्रेही इंग्रजीत गाइली जातात, आणि ती शास्त्रानुसारच आहेत. परंतु गेलिक स्तोत्रगायन त्यांच्यासोबत इंग्रजीत आलेले नाही. कारण त्याचे अलंकार, त्याचा श्वास आणि त्याची संथ गती ही गेलिकभाषी समुदायाच्या कंठातच घडली होती. पंथाच्या दृष्टीने हे गायन उपासनेचे केवळ एक निमित्त. वाचता न येणाऱ्यांसाठी केलेली सोय. सोय म्हणून आलेली वस्तू सोयीची गरज संपताच सोडावी, हे पंथाच्या तर्काला धरूनच आहे. मात्र तीनशे वर्षे ज्या समुदायाने मानवी कलेला मंदिराबाहेर ठेवले, त्याची सर्वांत मोठी कलाकृती त्या मंदिरातच, कोणी तिला कला न म्हणता, निर्माण झाली. एडिंबरो येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययनसंस्थेच्या संग्रहात तिची ध्वनिमुद्रणे सुरक्षित आहेत. तथापि, ध्वनिमुद्रणात ओळ बाहेर घातली जाते आणि ऐकणारा स्वस्थ राहतो. ही परंपरा मात्र ऐकणाऱ्याने ती ओळ उचलण्यावरच उभी होती.